घर सोडवून घेण्याची शेवटची घटका : धारवाडातल्या एका गहाणखताच्या निमित्ताने

मंडळाच्या बैठकीत ‘पुढच्या वेळी तुम्ही काय वाचणार?’ असं विचारलं, तेव्हा मी सहज बोलून गेलो, ‘आमच्या घराचं गहाणखत वाचतो.’ दोघेतिघे हसले. गहाणखतात वाचण्यासारखं काय असणार? ताम्रपट नाही, सनद नाही, वीरगळ नाही. पण आपल्या हुबळी-धारवाड भागातल्या जुन्या वाड्यांतल्या ट्रंका उघडून बघा. लग्नाच्या याद्या आणि कुंडल्या यांच्या खालोखाल सापडतात ते कर्जाचेच कागद. आपल्या आजोबा-पणजोबांचा खरा इतिहास त्यांतच आहे, असं माझं मत झालंय. आणि या विषयात मी स्वतः एक चूक करून बसलो आहे. तीही सांगायची आहे, म्हणून हा लेख.

कागद काय सांगतो

आमचं घर जुन्या धारवाडात. पुढे सोपा, मध्ये चौक, मागे परसू आणि विहीर. १८८१ साली माझ्या खापरपणजोबांनी हे घर चारशे रुपयांना गहाण टाकलं. कागद स्टँपपेपरवर, मोडीत. मला मोडी येत नाही. मंडळातल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी दोन दुपारी बसून तो वाचून दिला. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. कन्नड शाळा आणि कचेऱ्यांत कन्नड येऊन बराच काळ झाला होता, तरी मराठी बोलणाऱ्या घरांचे आपसातले व्यवहार मोडीतच चालत. सावकारही मराठीच होते.

खताचा मजकूर थोडक्यात असा. घराचा पुढचा भाग सावकारांच्या ताब्यात राहावा आणि त्याचं भाडं व्याजात वळतं व्हावं. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचं, पण त्यांच्याकडून भाड्याने घेतल्याची चिठ्ठी लिहून देऊन. म्हणजे आपल्याच घरात भाडेकरू! मुदत पाच वर्षांची. आणि शेवटी ते महत्त्वाचं कलम होतं. मुदतीत रुपये परत न दिल्यास हेच खत खरेदीखत समजावं, घरावर आमचा हक्क उरणार नाही.

या शेवटच्या कलमाला जुन्या मराठीत नाव आहे, गहाण-लहाण. इंग्रजी निवाड्यांतही ते ‘गहान लहान’ असंच रोमन अक्षरांत छापलेलं सापडतं. साहेबाला त्याला दुसरा शब्द सापडला नसावा.

मुदत १८८६ मध्ये संपली. पैसे दिले गेले नाहीत. कागदाप्रमाणे घर गेलं. तरीही मी आज त्याच सोप्यात बसून हे लिहितो आहे. हे कसं झालं, हा माझा पहिला प्रश्न होता.

तगाद्यापासून लिलावापर्यंत

थोडं मागे जायला हवं. पेशवाईत देणेकऱ्यामागे तगादा लागे, सावकार दारात धरणं धरून बसे, भांडण पंचायतीपुढे जाई. कर्ज चुकवणाऱ्याची अब्रू जायची. पण खासगी कर्जापायी राहतं घर दवंडी पिटून लिलावात काढायचं, ही गोष्ट सर्रास झाली ती इंग्रजी दिवाणी कोर्टं आल्यावर. पूर्वी सावकाराला गावाचा कल सांभाळावा लागे. आता हातात हुकूमनामा आला की बेलीफ पुढचं काम करी.

सुरुवातीला सरकारने व्याजाला लगाम घातला होता. एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या नियमावलीत दरसाल शेकडा १२ ही व्याजाची मर्यादा होती. १८५५ मध्ये व्याजावरची बंधनंच उठली. ‘दामदुप्पट’ तेवढी राहिली. व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येणार नाही, हा आपला जुना धर्मशास्त्रातला दंडक मुंबई हायकोर्टाने हिंदू देणेकऱ्यांसाठी मानला. म्हणून आमच्या आजीच्या तोंडी ‘दामदुप्पट झाली की व्याज थांबतं’ हे वाक्य असायचं. ते आम्हाला म्हणीसारखं वाटे. तो कायदा होता, हे फार उशिरा कळलं.

गहाण ते गहाणच

आता गहाण-लहाणाचं. इंग्लंडात न्यायाधीशांनी फार पूर्वीच एक तत्त्व ठरवून टाकलं होतं. एकदा गहाण ते कायमचं गहाण. कागदात काहीही लिहा, देणेकऱ्याचा घर सोडवून घेण्याचा हक्क नुसती तारीख उलटल्याने मरत नाही. कारण साधं आहे. पैशाच्या अडचणीत सापडलेला माणूस समोरचा सांगेल त्यावर सही करतो. त्या सहीलाच सर्वस्व मानलं, तर प्रत्येक गहाणखत ही स्वस्तातली खरेदी होईल.

हे तत्त्व आपल्याकडे लागू करायचं की नाही, यावर मोठा वाद झाला. मुंबई हायकोर्ट स्थापन झालं १८६२ मध्ये. दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, रामजी बिन तुकाराम विरुद्ध चिंतो सखाराम या खटल्यात कोर्टाने ठरवलं की गहाण-लहाणाची मुदत गेली तरी देणेकऱ्याला पैसे भरून मालमत्ता सोडवता येते. रामजी आणि चिंतो, दोन्ही नावं आपल्या शेजाऱ्यांची वाटावीत अशी. पण त्या निवाड्यावर किती वाडे उभे राहिले असतील याचा हिशेब नाही.

पुढे १८७० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मद्रासकडच्या एका खटल्यात उलट सांगितलं. हिंदुस्थानात असा करार जसा लिहिला तसाच पाळायचा, मुदत गेली की हक्क गेला. म्हणजे वरिष्ठ कोर्टाने पायाच काढून घेतला. पण मुंबई हायकोर्ट ऐकेना. १८७२ मध्ये त्याने पुन्हा सांगितलं, आमच्या इलाख्यात १८६४ पासून जी वहिवाट पडली तीच चालेल. लोकांनी तिच्यावर भरवसा ठेवून व्यवहार केलेत, आता ती मोडता येणार नाही. बंगालमध्ये तिसरीच तऱ्हा होती. तिथे १८०६ च्या नियमाप्रमाणे सावकाराने कोर्टामार्फत नोटीस द्यायची आणि देणेकऱ्याला एक वर्षाची सवड मिळायची. एकाच राज्यात तीन इलाखे आणि तीन घटका!

आम्ही मुंबई इलाख्यात होतो, हे आमचं नशीब.

पुढे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आला. मुंबई इलाख्यात तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या ६० व्या कलमात सोडवणुकीचा हक्क पक्का झाला. कोर्टाचा हुकूम किंवा दोन्ही पक्षांचं काही कृत्य यानेच तो संपेल, नुसत्या तारखेने नाही. आणि ८३ व्या कलमात आणखी एक सोय होती. सावकार पैसे घ्यायलाच तयार नसेल, तर रक्कम कोर्टात भरायची. पुरती रक्कम भरली की व्याज तिथेच थांबतं.

आमच्या घरात नेमकं हेच झालं. माझ्या पणजोबांना रेल्वेत नोकरी लागली. पणजीने पाटल्या मोडल्या. १९०३ मध्ये ते सावकारांकडे पैसे घेऊन गेले, तर उत्तर मिळालं की घर १८८६ मध्येच आमचं झालं, आता कसले पैसे? वकिलांनी रक्कम कोर्टात भरायला लावली. मुदत उलटून सतरा वर्षं झाली होती. पण सोडवणुकीच्या दाव्याला तेव्हा कायद्याने साठ वर्षांची सवड होती. दावा दोन वर्षं चालला, शेवटी तडजोड झाली. भाडेचिठ्ठी फाडली गेली. ‘फाडली’ असं घरात सांगत आले, पण तिचा अर्धा तुकडा त्याच ट्रंकेत सापडला. कोणीतरी जपून ठेवला होता.

शेतकरी आणि पेठेतला माणूस

पुणे-नगरकडे १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध दंगे झाले. सुपे गावापासून सुरुवात झाली, लोकांनी कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिलं. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. धारवाडपर्यंत तो १९०५ मध्ये आला. या कायद्याने कोर्टाला कागदाच्या मागे डोकावायला सांगितलं. मूळ कर्ज किती, फिटलं किती, व्याज किती लावलं, हे सगळं उकरून हिशेब करायचा. पुढे तर वरून खरेदीखत दिसणारा कागद मुळात गहाणखत होता, हे तोंडी पुराव्याने दाखवायचीही मुभा मिळाली.

पण हा कायदा शेतकऱ्यांचा. पेठेतल्या दुकानदाराला, कारकुनाला, सोनाराला तो लागू नव्हता. आजही दिवाणी कायद्यात शेतकऱ्याचं राहतं घर साध्या कर्जापायी जप्त होत नाही. शहरातल्या माणसाला तसं कवच नाही. राहतं घर ज्याचं त्याला सारखंच प्यारं असतं, मग हा फरक का? शेतकऱ्यावर सरकारचा सारा अवलंबून होता, हे त्याचं एक कारण असावं.

दुसरी वाट आपल्याच जिल्ह्याने दाखवली. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०५ मध्ये तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या, गदगजवळच्या कणगिनहाळ गावात सिद्दनगौडा पाटील यांनी पतसंस्था काढली. देशातल्या पहिल्या सहकारी पतसंस्थांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. घर-जमीन सावकाराच्या हातून सोडवायला कोर्टाइतकाच उपयोग कमी व्याजाच्या दुसऱ्या कर्जाचा, हे त्या गावाने ओळखलं होतं. सोडवणुकीचा हक्क कागदावर कितीही भक्कम असला, तरी हातात रक्कम नसेल तर त्याचा काय उपयोग? आमच्याकडे पाटल्या होत्या. नसत्या तर?

भोग्य : जिवंत असलेला जुना व्यवहार

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. आजही हुबळीत किंवा धारवाडात घर शोधायला गेलात तर एजंट विचारतो, ‘भाड्याने की भोग्याला?’ एकरकमी काही लाख घरमालकाला द्यायचे, भाडं शून्य, ठरलेली वर्षं राहायचं, निघताना रक्कम परत. हे मुळात आपलं ताबेगहाणच की हो! घराचा उपभोग हेच व्याज. कन्नडमध्ये त्याला शब्दच भोग्य. १८८१ च्या आमच्या कागदाचं हे चुलत भावंडं.

अशा ताबेगहाणाबद्दल एक गोष्ट ठाऊक असावी. १९६३ च्या मुदत कायद्याने सोडवणुकीच्या दाव्याची सवड साठावरून तीस वर्षांवर आणली. त्यामुळे पुष्कळ घरांत असा समज आहे की तीस वर्षं ताबा राहिला की घर त्याचंच झालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सिंग राम विरुद्ध शिव राम या प्रकरणात हा समज खोडला. उपभोगाच्या गहाणात नुसती वर्षं गेल्याने ताबेदार मालक होत नाही. रक्कम फिटेपर्यंत सोडवणुकीचा हक्क जिवंत राहतो. १८६४ च्या रामजीचा आवाज मला त्यात ऐकू आला.

माझी चूक

आता माझ्या चुकीकडे येतो.

माझा मावसभाऊ हुबळीतल्या एका जुन्या पेठेत राहतो. खाली दुकान, वर घर. धंद्यासाठी घर तारण ठेवून कर्ज घेतलं होतं. करोनाच्या काळात दुकान बसलं, हप्ते थकले. नोटीस आली. तो ती घेऊन माझ्याकडे आला, कारण मी जुने कागद वाचतो आणि नातेवाइकांत ‘कायद्याचं कळणारा’ म्हणून उगाच माझं नाव झालंय.

मी त्याला घरचीच एक आठवण सांगितली. माझ्या लहानपणी एका काकांच्या घराचा लिलाव धारवाडच्या कोर्टात झाला होता. बोली झाली, घेणाऱ्याने पंचवीस टक्के भरलेही. तरी विक्री कायम होण्याआधी काकांनी सगळी रक्कम आणि वर घेणाऱ्याला पाच टक्के कोर्टात भरले आणि घर परत मिळवलं. दिवाणी संहितेत तशी सोय आहे, आजही आहे. गहाणाच्या हुकूमनाम्यात विक्री कायम होईपर्यंत पैसे भरता येतात. मी भावाला म्हटलं, ‘घाबरू नकोस रे. हातोडा पडला तरी वेळ असतो.’

त्याचा केशवापूरच्या पलीकडे एक प्लॉट होता. तो विकून कर्ज फिटलं असतं. पण गिऱ्हाईक कमी सांगत होतं. माझ्या बोलण्यावर विसंबून तो चांगल्या भावासाठी थांबला.

आणि एका सकाळी कन्नड पेपरात लिलावाची जाहिरात आली. वकिलांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, ‘सर, ते कोर्टाचं सांगताय तुम्ही. हे कोर्टाचं नाहीच.’

खरंच नव्हतं. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना कोर्टात न जाता तारण विकण्याचा अधिकार दिला. आधी साठ दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, मग लिलाव. या कायद्याच्या १३ व्या कलमाच्या ८ व्या पोटकलमात पूर्वी विक्रीच्या दिवसापर्यंत पैसे भरायची सवड होती. २०१६ च्या दुरुस्तीने ती मागे ओढली, लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की जाहिरात छापून आली की सोडवणुकीचा हक्क संपला.

म्हणजे मी ज्याला घराण्याचं शहाणपण समजत होतो, ते दुसऱ्या रस्त्याचा नकाशा होता. काकांच्या वेळी शेवटची घटका लिलावानंतर येत होती. भावाच्या वेळी ती लिलावाच्या कितीतरी आधी, छापखान्यातच संपली होती. मावशी त्या दिवशी मला काही बोलली नाही. चहा दिला. ते जास्त लागलं.

घर वाचलं का? वाचलं, पण हक्काने नाही. जिना अरुंद, दुकानाची आणि घराची वाट एक, खाली जुना पोटभाडेकरू. पहिल्या लिलावाला बोलीच आली नाही. पुढची जाहिरात निघायच्या आत भावाने प्लॉट मिळेल त्या भावाला विकला, मेहुण्यांनी भर घातली आणि बँकेने तडजोड मान्य केली. थांबला नसता तर प्लॉटचे तेवढेच पैसे आले असते, खर्च आणि चढलेलं व्याज वाचलं असतं. बोली आली असती तर घरच गेलं असतं. हे मी विसरू शकत नाही.

मग उशीर झालेल्या माणसाने काय करावं?

मी वकील नाही, हे एव्हाना सिद्ध झालंच आहे. पण वकिलांकडून आणि कायदा वाचून जे समजलं, ते इथे मांडून ठेवतो.

पहिलं म्हणजे, घर कोणत्या वाटेने चाललंय ते आधी बघा. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा असेल तर घटका लांब आहे. विक्री कायम होईपर्यंत रक्कम भरता येते. लिलावात गैरप्रकार होऊन खरं नुकसान झालं असेल तर विक्री रद्द करायचा अर्जही करता येतो.

बँकेची सरफेसी नोटीस असेल तर त्या साठ दिवसांत लेखी हरकत द्या. बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. दिवाणी कोर्टात दावा लावून उपयोग नाही, कायद्याने ती वाट बंद केली आहे. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. आणि एकरकमी तडजोड, किंवा बँकेच्या संमतीने स्वतःच गिऱ्हाईक आणून विकणं, जे काही करायचं ते लिलावाची जाहिरात निघण्याआधी करा. त्यानंतर उरते ती बँकेची मर्जी.

इथे भूगोलही आडवा येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि आपलं हायकोर्ट मुंबईहून बेंगळूरला सरकलं. २००८ मध्ये धारवाडला हायकोर्टाचं खंडपीठ बसलं, तेव्हा केवढा आनंद झाला होता! पण सरफेसीच्या तक्रारीसाठी अजूनही बेंगळूरचंच न्यायाधिकरण, चारशे किलोमीटरवर. पणजोबा चालत कोर्टात गेले होते. भावाला रात्रीची गाडी धरावी लागली.

शेवटी एक विनंती

दीडशे वर्षांचा हा इतिहास मला एका घड्याळासारखा वाटतो. काटा कधी पुढे गेला, कधी मागे आला. १८६४ मध्ये देणेकऱ्याच्या बाजूने, १८७० मध्ये विरुद्ध, १८९३ नंतर पुन्हा बाजूने, २०१६ मध्ये पुन्हा मागे. घर तेच, विहीर तीच. फक्त ‘आता उशीर झाला’ हे कोणत्या क्षणी म्हणायचं, ते दर पिढीत वेगळं ठरलं. आणि प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या घड्याळावर विसंबून राहिली.

म्हणून मंडळाच्या वाचकांना सांगणं आहे. तुमच्या ट्रंकांतली गहाणखतं, भाडेचिठ्ठ्या, कोर्टाच्या पावत्या रद्दीत घालू नका. मोडी असो, कन्नड असो, फोटो काढून ठेवा. बैठकीला घेऊन या, वाचून देणारे अजून दोघेतिघे आहेत. त्यांचंही वय झालंय, तेव्हा लवकर या.

आणि घरी सध्याची एखादी नोटीस येऊन पडली असेल, तर ती मात्र मला दाखवू नका. त्याच दिवशी वकिलाकडे न्या.